प्रोग्रामची शिळी प्रत

अंधेरी पूर्वेस मरोळच्या बाजूला जी वसाहत सर्वजण ‘सीप्झ’ या आटोपशीर नावाने ओळखतात, ती १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी स्थापन झाली. पुढे तेथून जडजवाहीरही परदेशी जाऊ लागले आणि सॉफ्टवेअरही. आज बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत अशी इमारत विरळा, की जिच्यातले एखादे तरी मूल या धंद्यात नाही. रात्री साडेनऊला मुलगी घरी येते, चपला काढता काढता म्हणते, “आज बिल्ड मोडलं होतं, त्यातच दिवस गेला.” आई विचारते, “म्हणजे काय गं?” त्यावर “जाऊ दे, तुला नाही कळायचं” असे उत्तर मिळते आणि पाने वाढली जातात.

वस्तुतः यात न कळण्यासारखे काही नाही. या धंद्यात आमची बरीच वर्षे गेली आहेत, आणि ज्या गोष्टीने आमचा सर्वांत जास्त वेळ खाल्ला ती समजावून घ्यायला गणित लागत नाही, इंग्रजीही फारसे लागत नाही. पोळी ताजी आहे की शिळी हे ओळखता येणाऱ्या कोणालाही ती समजेल. फरक इतकाच, की शिळी पोळी हाताला कळते. प्रोग्रामची शिळी प्रत मात्र ताज्या प्रतीसारखीच दिसते, तिचे नाव तेच असते आणि ती तितक्याच तत्परतेने चालते.

आता प्रोग्रामची प्रत म्हणजे काय ते पाहू. खिळ्यांच्या छापखान्याची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमजेल. लेखक हस्तलिखित देतो. जुळारी खिळे जुळवून फर्मा तयार करतो आणि त्यावरून कागद छापले जातात. वाचकाच्या हाती पडतो तो छापील कागद; हस्तलिखित तो कधी पाहत नाही. संगणकाच्या कामातही असेच दोन थर आहेत. माणूस लिहितो तो मूळ लेख. त्यात शब्द असतात, सूत्रे असतात, आणि शिकलेल्या माणसाला तो वाचता येतो. यंत्राला मात्र तो वाचता येत नाही. कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम त्या लेखाचे यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करतो. या रूपांतरित प्रतीला बायनरी म्हणतात. चालते ती बायनरी. आम्ही डोळ्यांत तेल घालून वाचतो, दुरुस्त करतो, एकमेकांना दाखवतो तो मूळ लेख. आणि बँकेत व्याज मोजते किंवा रेल्वेचे तिकीट देते ती बायनरी. या दोहोंत अंतर पडले की काय होते, एवढाच आजचा विषय आहे.

मोठा प्रोग्राम एका माणसाचा नसतो. त्याचे शेकडो भाग असतात आणि ते वेगवेगळ्या टेबलांवर लिहिले जातात. प्रत्येक भागाची बायनरी वेगळी बनते आणि शेवटी सगळ्या जोडून एक मोठी बायनरी तयार होते. फर्मे वेगवेगळे छापून बांधणीत एक पुस्तक व्हावे तसे. हे सर्व हाताने करायचे म्हटले तर माणूस काहीतरी विसरणारच. म्हणून कोणता भाग आधी, कोणता नंतर, काय कशाला जोडायचे, तयार झालेली वस्तू कोठे ठेवायची, या आज्ञा क्रमाने लिहून ठेवतात. ती बिल्ड स्क्रिप्ट. आणि सर्व भाग जोडल्यावर ते एकमेकांशी नीट बोलतात की नाही याची जी परीक्षा होते तिला इंटिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. मराठीत जोडचाचणी म्हणायला आमची हरकत नाही.

शेकडो भागांपैकी एकच बदलला असेल तर बाकीचे पुन्हा कशाला बनवायचे? सगळे नव्याने बनवायला काही तास लागतात, एक भाग बनवायला काही क्षण. म्हणून बदललेले तेवढे नवे बनवायचे आणि उरलेले कालचेच वापरायचे, अशी पद्धत पडली. ही काटकसर योग्यच आहे. मात्र एखादा भाग बदलूनही नवा बनला नाही, तर पुस्तकात एक फर्मा जुन्या आवृत्तीचा बांधला जातो.

याचा परिणाम किती फसवा असतो ते एका उदाहरणाने दाखवतो. बँकेच्या खात्याची नोंद वीस आकड्यांच्या एका ओळीत ठेवली आहे असे समजा. पूर्वी पहिले १० आकडे खाते क्रमांकाचे आणि पुढचे ८ रकमेचे, पैशांत मोजलेल्या. खाती वाढली, म्हणून क्रमांक १२ आकडी करायचे ठरले. रक्कम आता तेराव्या आकड्यापासून सुरू होणार. मूळ लेखात दोन्ही ठिकाणी बदल झाला, नोंद लिहिणाऱ्या भागात आणि पासबुक छापणाऱ्या भागातही. परंतु लिहिणारा भाग नवा बनला आणि छापणारा जुनाच राहिला. खाते क्रमांक ००२३००४५१२६७, शिल्लक ४५० रुपये, म्हणजे ०००४५०००. लिहिणाऱ्याने ओळ लिहिली: ००२३००४५१२६७०००४५०००. छापणाऱ्याने आपल्या जुन्या समजुतीप्रमाणे अकराव्यापासून अठराव्यापर्यंतचे आकडे उचलले: ६७०००४५०. पासबुकात शिल्लक आली ६,७०,००४ रुपये ५० पैसे! यात कोणीही चूक केलेली नाही. लिहिणारा बरोबर, छापणारा आपल्या जागी बरोबर, यंत्र तक्रार करीत नाही. आणि तपासनीस दोन्ही मूळ लेख वाचतो तेव्हा दोन्हीकडे १२ आकडेच दिसतात. वाचून सापडणारी ही चूक नाही, कारण जे वाचले जात आहे त्यात ती नाहीच.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मान खाली घालावी लागते. १९९६ च्या जानेवारीतली ही हकीकत. आम्ही अंधेरीच्या एका कचेरीत होतो आणि काम एका परदेशी बँकेचे होते. ते लीप वर्ष होते, आणि २९ फेब्रुवारीला व्याजाची आकारणी चुकते असे जोडचाचणीत दिसून आले. तो भाग आमच्या एका तरुण सहकारिणीकडे होता. ती मुलुंडला राहत असे. घाटकोपरपर्यंत लोकल आणि तेथून साकीनाका, मरोळ करीत बेस्टची बस, असा तिचा प्रवास. मेट्रो यायला अजून १८ वर्षे होती. तिने दुपारी दुरुस्ती केली. संध्याकाळी चाचणी झाली, पुन्हा तीच चूक. आम्ही विचारले, “तू बदल नक्की केलास ना?” ती म्हणाली, “सर, मी तीनदा बघितलं.” आम्ही म्हटले, “मग चौथ्यांदा बघ.”

दुसऱ्या दिवशी तिने तो नियम दुसऱ्या पद्धतीने लिहिला. चूक तीच. तिसऱ्या दिवशी आम्ही शेजारी बसून ओळन् ओळ वाचली. तिच्या लिहिण्यात दोष सापडेना, आणि आकारणी तर चुकतच होती. चारजणांदेखत आम्ही तिला जे बोललो ते येथे लिहीत नाही. ती काही बोलली नाही. साडेदहाच्या सुमारास, सगळे उठण्याच्या बेतात असताना, तिनेच तयार बायनरीची तारीख पडद्यावर काढून दाखवली. तारीख आदल्या शुक्रवारची होती. तीन दिवस आम्ही ज्या प्रोग्रामची परीक्षा घेत होतो त्यात तिची एकही ओळ नव्हती.

घडले होते ते असे. लीप वर्षाचा नियम तिने नीटनेटकेपणाने एका नव्या फाइलीत लिहिला होता. ते योग्यच होते. कोणकोणत्या फाइली जोडायच्या याची यादी बिल्ड स्क्रिप्टमध्ये हाताने लिहिलेली होती आणि तीत ही नवी फाइल नव्हती. साहजिकच जोडणी फसत होती. ‘अमुक भाग सापडत नाही’ असा संदेशही रोज पडद्यावर येत होता आणि पाठोपाठच्या शेकडो ओळींबरोबर वर सरकून जात होता. स्क्रिप्टने तेथेच थांबायला हवे होते. ती थांबत नव्हती. पुढची आज्ञा ‘चाचण्या सुरू कर’ अशी, म्हणून जागेवर जी बायनरी होती, म्हणजे शुक्रवारची, तिच्यावर ती इमानाने चाचण्या घेई. ही स्क्रिप्ट कोणी लिहिली होती? आम्ही. रात्रीची बिल्ड एका क्षुल्लक कारणाने मध्येच थांबते म्हणून वैतागून ‘काही झाले तरी पुढे चालू राहा’ अशी तजवीज आम्हीच केली होती, आणि त्या चतुराईचा आम्हाला थोडा अभिमानही होता.

एवढ्यावर निभावले असते तर एका मुलीचे तीन दिवस आणि आमची शोभा, इतकेच नुकसान. परंतु त्याच तीन दिवसांत आणखी चौघांनी आपापल्या भागांत बदल केले होते. ते बदल वेग वाढवण्यासाठी होते. उत्तरे पूर्वीचीच यायला हवी होती. चाचणीत उत्तरे पूर्वीचीच आली. येणारच, कारण चालत होता तो पूर्वीचाच प्रोग्राम! चौघांनाही ‘उत्तीर्ण’ असा शेरा मिळाला, त्याचे पत्रक तयार झाले, खाली आमची सही झाली आणि ते ग्राहकाकडे रवाना झाले. नव्या बायनरीवर चाचणी घेतली तेव्हा चौघांपैकी एकाच्या बदलात खरोखरच चूक निघाली. आम्ही ग्राहकाला पत्र लिहून पत्रक मागे घेतले. चांगली दुरुस्ती शिळ्या प्रतीमुळे नापास झाली तर माणूस निदान शोध तरी घेतो; वाईट बदल पास झाला तर कोणी शोधतच नाही. त्या तीन दिवसांत आमच्याकडे दोन्ही प्रकार घडले, आणि ओरडा मात्र पहिल्याचाच झाला.

हा रोग आमच्यापुरता नाही. पंचकार्डांच्या काळीही मूळ लेखाचा गठ्ठा वेगळा आणि रूपांतरित गठ्ठा वेगळा असे, आणि घाईत जुना गठ्ठा यंत्राला घालणारे त्या वेळीही होते. त्यावर पहिला नामांकित उतारा निघाला तो अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, १९७६ साली. तेथील स्टीफन जॉन्सन हा मोठा जाणकार गृहस्थ. एके दिवशी तो स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत तणतणत शिरला. चूक केव्हाच दुरुस्त केलेली होती, पण फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, आणि एका निर्दोष प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्याची सबंध सकाळ गेली होती. मौज अशी की फेल्डमन स्वतः आदल्याच संध्याकाळी तशाच घोळात सापडले होते. त्यांनी लवकरच ‘मेक’ नावाचे साधन तयार केले. आज पन्नास वर्षांनंतरही ते जगभर वापरात आहे, आणि २००३ साली त्याबद्दल त्यांना संगणकशास्त्राच्या क्षेत्रातील एक मानाचा पुरस्कार मिळाला.

मेकचा नियम घरगुती आहे. कोणती वस्तू कशापासून बनते हे त्याला लिहून द्यायचे. मग तो तारखा बघतो. कणीक पोळीनंतर मळली गेली असेल तर पोळी शिळी, पुन्हा कर. कणीक जुनीच असेल तर पोळी आहे ती चालेल. सांगणाऱ्याने सर्व खरे सांगितले तर हा नियम चोख चालतो. (मेकच्या लेखनात आज्ञेच्या आधी ‘टॅब’ ही न दिसणारी खूण लागते आणि साधी मोकळी जागा चालत नाही, यापायी नवशिक्यांच्या पिढ्या रडल्या आहेत. पहिल्या काही आठवड्यांतच डझनभर वापरणारे झाले आणि त्यांना त्रास नको म्हणून फेल्डमननी ते बदलले नाही. त्या डझनभरांची सोय आम्ही अजून भोगत आहोत.)

पण ‘खरे सांगितले तर’ यातच सारी मेख आहे. पोळीत मीठही पडते हे लिहायचे राहिले, तर मीठ बदलल्यावर मेक पोळी नवी करणार नाही. दोन यंत्रांची घड्याळे जुळत नसली, तर आज केलेला बदल कालचा दिसतो. आणि कोणी जुन्या संग्रहातून मागची फाइल परत आणली, तर तिची तारीखही जुनीच येऊ शकते. मग मेकला वाटते की काही बदललेच नाही. शिवाय मेकने ‘जमले नाही’ म्हणून सांगितले तरी ते ऐकणारा हवा. आमच्या स्क्रिप्टने कान बंद करून घेतले होते.

हे सर्व कारखान्याच्या आतले झाले. बायनरी तयार होऊन जेथे चालायची त्या यंत्रावर पोहोचतानाही हाच घात होऊ शकतो, आणि त्याचे एक फार महागडे उदाहरण १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात घडले. नाइट कॅपिटल ही शेअरदलालीची मोठी कंपनी. त्या दिवशी बाजारात एक नवी योजना सुरू व्हायची होती, म्हणून कंपनीने आपल्या आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्राम चढवला. म्हणजे चढवला असे तिला वाटले. प्रत्यक्षात तो सातांवरच चढला होता, आठव्यावर जुनाच राहिला. दुसऱ्या कोणी ते तपासले नाही, आणि तपासावे असा लेखी नियमही नव्हता. त्या जुन्या प्रोग्राममध्ये २००३ पासून न वापरलेला एक भाग पडून होता. किती शेअर घेऊन झाले हे मोजून थांबण्याची त्याची सोय २००५ साली दुसरीकडे हलवली गेली होती, आणि त्यानंतर त्या भागाची चाचणी कोणी घेतलेली नव्हती. नव्या प्रोग्रामसाठी जी खूण निवडली ती नेमकी त्या मेलेल्या भागाला जागे करणारी जुनी खूण होती.

बाजार उघडला. सात सर्व्हरांनी खुणेचा नवा अर्थ घेतला, आठव्याने जुना. गिऱ्हाइकांच्या अवघ्या २१२ मागण्यांवर तो न थांबता खरेदीविक्री करीत सुटला. ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरच्या वर फटका बसला. त्या वेळच्या भावाने सुमारे अडीच हजार कोटी रुपये. गोंधळ निस्तरताना माणसांनी मूळ लेखावरच संशय घेतला. नव्या प्रोग्राममध्येच दोष असणार असे समजून तो उरलेल्या सात सर्व्हरांवरूनही काढून टाकला, आणि मग एका यंत्राच्या जागी आठही यंत्रे तो जुना धिंगाणा घालू लागली. बाजार उघडण्यापूर्वी त्या मेलेल्या भागाचे नाव घेणारे ९७ ईमेल यंत्राने कंपनीच्या माणसांना पाठवले होते, हे पुढे सरकारी चौकशीत निष्पन्न झाले. ते कोणी वाचले नाहीत. आमचा वर सरकून जाणारा संदेश आम्हाला येथे आठवतो.

मग उपाय काय? पहिला उपाय आजीबाईचा: सगळे शिळे टाकून द्या आणि दर वेळी सर्व नव्याने बनवा. आमच्या मते ग्राहकाकडे जाणाऱ्या प्रतीसाठी याला पर्याय नाही. रोजच्या कामात मात्र तासन् तास वाट पाहणे परवडत नाही, आणि न परवडणारा नियम आठवड्यात मोडला जातो. दुसरा उपाय गेल्या वीस वर्षांत रुळला. यात तारखेवर विश्वास न ठेवता मजकुरावर ठेवतात. फाइलीतील सर्व अक्षरांवरून एक लांबलचक आकडा काढायचा; एक स्वल्पविराम बदलला तरी तो आकडा पार बदलतो. त्याला ठसा म्हणू. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली केलेले ‘गिट’ हे साधन प्रत्येक मजकूर त्याच्या ठशानेच ओळखते, आणि ‘बेझल’सारखी नवी बिल्डची साधने कणीक बदलली की नाही हे घड्याळाला न विचारता कणकेच्या ठशाला विचारतात. घड्याळ मागेपुढे असले तरी मग बिघडत नाही. लिहायचे राहिलेले मीठ मात्र येथेही घात करू शकते, म्हणून न लिहिलेली वस्तू भागाला दिसूच द्यायची नाही, अशी बंद खोली ही साधने शक्य तेथे उभी करतात.

आम्हाला १९९६ साली एवढे काही ठाऊक नव्हते. त्या रात्री घाटकोपरची बस मिळणार नव्हती, म्हणून कचेरीच्या गाडीने तिला मुलुंडला सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी चारजणांदेखत आम्ही तिची माफी मागितली. ती म्हणाली, “सर, ते राहू दे. स्क्रिप्ट मला द्या.” आम्ही दिली. तिने ‘काही झाले तरी पुढे चालू राहा’ ही ओळ खोडून टाकली. हाताने लिहिलेली यादीही काढली. फाइली कोणत्या आहेत हे स्क्रिप्टच संग्रहात पाहून ठरवू लागली. मग तिने सर्व चाचण्यांच्या आधी एक नवी चाचणी घातली. बनतेवेळी मूळ लेखांवरून काढलेला एक क्रमांक बायनरीच्या पोटात लिहिला जाई. चाचणी सुरू होताच प्रोग्रामला पहिला प्रश्न त्या क्रमांकाचा. संग्रहातील मूळ लेखांवरून त्या वेळी निघणाऱ्या क्रमांकाशी तो जुळला नाही, तर पुढची एकही चाचणी होत नसे आणि पत्रकावर उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण यांपैकी कोणताच शेरा येत नसे. पहिल्या आठवड्यातच काम तेथे दोनदा अडले. आमच्या वरिष्ठांनी चिडून विचारले, ही नसती अडवणूक कशासाठी? तेव्हा तिने त्यांना दोन्ही वेळच्या तारखा दाखवल्या.